चंद्रा नायडूंनंतर माईक कुणाकडे?

१९७६-७७च्या हंगामात टोनी ग्रेगच्या कप्तानीखाली इंग्लंडचा संघ भारतात आला होता. पाच कसोट्या, आणि मधेमधे एमसीसी या नावानं खेळलेले सामने. त्यातला एक १९७७ साली इंदूरला झाला, राष्ट्रीय विजेत्या मुंबईविरुद्ध. त्या सामन्यात कोण जिंकलं हे आज फारसं कुणी विचारत नाही. सामना आठवतो तो समालोचन कक्षातल्या एका आवाजामुळे. चाळिशी ओलांडलेली, इंग्रजी शिकवणारी एक प्राध्यापिका माईकपुढे बसली आणि चेंडूमागून चेंडू सांगू लागली. चंद्रा नायडू. क्रिकेटचं समालोचन करणारी भारतातली पहिली बाई.

४ एप्रिल २०२१ रोजी इंदूरला त्या गेल्या. वय ८८. कोविडची दुसरी लाट चढत होती, वर्तमानपत्रं मृत्यूंनी भरलेली होती. चार ओळींची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी मागे पडली. तेव्हापासून हा लेख मनात होता. त्यासाठी इंदूरकडे पाहायचं ते सातारा-सांगलीच्या बाजूनं, कारण खेळ कानांनी ऐकायची सवय आमच्या या दोन जिल्ह्यांइतकी महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल. शिवाय नायडू घराण्याचा आणि सांगलीचा एक जुना हिशेबही आहे.

तो हिशेब १९४७च्या मार्चमधला. रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदे विरुद्ध होळकर. होळकरांचे कप्तान चंद्राबाईंचे वडील कर्नल सी. के. नायडू. बडोद्याचे तीन गडी शंभरीच्या आतच बाद झाले होते. मग गुल महंमद येऊन मिळाला सांगलीच्या विजय हजारेंना. शिक्षकाच्या घरात जन्मलेला हा शांत माणूस एकदा खेळपट्टीवर उभा राहिला की हलायचं नाव घेत नसे. दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कुठल्याही गड्यासाठी एवढी मोठी भागी पुढे जवळजवळ साठ वर्षं झाली नाही. २००६ साली संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केल्या तेव्हा तो विक्रम मोडला. चंद्रा तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. बाप मैदानात दिवसेंदिवस क्षेत्ररक्षण करतोय आणि सांगलीचा एक फलंदाज बाद व्हायचं नाव घेत नाही, हे क्रिकेट त्या घरात जेवणाच्या ताटावर आलंच असणार.

सी. के. मूळचे नागपूरचे, जन्म १८९५चा. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगनच्या एमसीसीविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा केल्या, त्यात अकरा षटकार. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान तेच. होळकर दरबारानं त्यांना इंदूरला नेलं आणि त्या संस्थानानं पुढे चार वेळा रणजी जिंकली. संघात मराठी माणसांची ये-जा होतीच. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर होळकरांकडून बरीच वर्षं खेळले. आणखी एक कोल्हापूरकर मात्र समोरच्या संघात होता. १९५१-५२च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरचा उसळता चेंडू सी. केंच्या तोंडावर बसला. दात पडले. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी या गृहस्थांनी ते दात खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुन्हा पवित्रा घेतला. फडकरनं चेंडूचा वेग कमी करू नये, असंही बजावलं. क्रिकेटच्या बैठकीत हा किस्सा वर्षानुवर्षं सांगितला जातो.

अशा माणसाच्या मुलीला क्रिकेट कळणारच, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण क्रिकेटपटूंच्या घरात मुली कमी नव्हत्या आणि त्यातल्या बहुतेकींच्या वाट्याला डबे भरणं आणि पांढरे कपडे धुणं आलं. चंद्राबाई स्वतः खेळल्या. कॉलेजच्या वयात, मुलींच्या क्रिकेटची देशात संघटनासुद्धा नव्हती तेव्हा त्यांनी बॅट हातात घेतली. पुढे इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या, इंदूरच्या सरकारी मुलींच्या महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. विद्यापीठांच्या मुलींनी आपसात क्रिकेट खेळावं म्हणून आईच्या नावानं करंडक ठेवला. वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १९९५ साली, सी. केंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी आलं. समालोचन हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग कधीच नव्हता. त्या शेवटपर्यंत शिक्षकच होत्या.

१९७७ हे साल मला महत्त्वाचं वाटतं. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ साली उभी राहिली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६च्या ऑक्टोबरअखेर भारताच्या मुली पहिल्यांदा कसोटी खेळल्या, वेस्ट इंडीजविरुद्ध, बंगळूरला. आणि नोव्हेंबरात पाटण्याला पहिली कसोटी जिंकल्या. त्यानंतर काही महिन्यांतच चंद्राबाई माईकपुढे होत्या. बाई मैदानात उतरली आणि पाठोपाठ बाईचा आवाज कक्षात पोचला. दोन्ही गोष्टी इतक्या लागोपाठ घडल्या हा योगायोग म्हणून सोडून द्यावा, असं मला वाटत नाही.

आणि हे काम सोपं नव्हतं. टीव्हीवर चित्र दिसतं, समालोचकाला गप्प बसता येतं. रेडिओवर गप्प बसलं की सामना थांबतो. गोलंदाज कुठल्या टोकाकडून येतोय, स्लिपमध्ये किती जण, मिडऑफ पुढे आहे की मागे, वारा कसा वाहतोय, हे सगळं चेंडू सुटण्याआधी सांगून झालेलं हवं. चेंडू पडल्यावर निकाल आधी, वर्णन नंतर, कारण श्रोत्याचा जीव ‘आऊट की नॉटआऊट’मध्ये अडकलेला असतो. दर षटकाला धावफलक. शेजारी बसलेला गुणलेखक चिठ्ठी पुढे सरकवतो, तिच्याकडे बघत तोंड चालू ठेवायचं. प्रेक्षकांचा गलका वेगळ्या माईकवरून येतो, तो वाढला की आपला आवाज किती चढवायचा याचा अंदाज कानालाच घ्यावा लागतो. ठरलेली मिनिटं संपली की वाक्य अर्धवट न तोडता पुढच्याकडे सोपवायचं. वर्गात पन्नास मुलींपुढे पाऊण तास उभं राहणाऱ्या बाईला यातलं बरंच अंगवळणी पडलेलं असतं. चांगले समालोचक आणि चांगले शिक्षक यांचं कसब एकाच जातीचं, हे मराठीत बाळ ज. पंडितांना ऐकलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. ते मैदान डोळ्यांपुढे मांडून दाखवत, आणि त्यांच्यामुळे कित्येक घरांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे मराठीत क्रिकेट बोलू लागले.

सांगलीच्या आकाशवाणी केंद्राचं उदाहरण या जागी सांगायलाच हवं. १९६३ साली ते सुरू झालं. निवेदिकांचा आवाज तेव्हापासून इथल्या घराघरांत आहे. हळदीचे, गुळाचे भाव, पिकाचा सल्ला, भक्तिगीतं, पत्रोत्तरं, सगळं बाईच्या तोंडून ऐकून शेतकऱ्यांनी विश्वासानं मान डोलावली. म्हणजे बाईचा आवाज लोकांना नको होता, असं मुळीच नव्हतं. खेळ आला की मात्र माईक पुरुषाकडे सरकायचा. हा अडसर श्रोत्यांनी घातलेला नव्हता, माईक वाटणाऱ्यांनी घातलेला होता.

बाहेर जगात तरी कुठे बरं चाललं होतं? ऑस्ट्रेलियात चॅनल नाईननं १९८३ साली केट फिट्झपॅट्रिक या अभिनेत्रीला क्रिकेटच्या समालोचनासाठी आणलं. टीका इतकी झाली की तो प्रयोग फार दिवस टिकला नाही. बीबीसीच्या नावाजलेल्या टेस्ट मॅच स्पेशलवर बाईचा आवाज यायला १९९८ साल उजाडावं लागलं, आणि ती बाईसुद्धा इंग्लंडची नव्हती. बार्बाडोसच्या वकील डोना सिमंड्स. इंदूर त्यांच्या एकवीस वर्षं पुढे होतं.

आपल्याकडे मात्र चंद्राबाईंनंतर वाट मोठी झाली नाही. २००३च्या विश्वचषकात मंदिरा बेदी टीव्हीवर आल्या. त्या खेळाडू नव्हत्या, निवेदिका होत्या आणि घरोघरी क्रिकेट न बघणाऱ्या बायकांना त्यांनी सेटपुढे आणून बसवलं. देशभर चर्चा झाली ती त्यांच्या साडीची आणि ब्लाऊजच्या बंदाची. पॅनेलवरचे दिग्गज सुरुवातीला आपल्या प्रश्नांकडे दुर्लक्ष करत, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. त्या प्रश्नांपैकी कित्येक प्रश्न घरी बसलेल्या बाईच्याच मनात होते.

कक्षाचं दार खऱ्या अर्थानं उघडलं ते २०१५च्या आयपीएलमध्ये. अंजुम चोप्रा, ईशा गुहा, मेलनी जोन्स आणि लिसा स्थळेकर या चौघी समालोचकांच्या यादीत आल्या. १९७७ ते २०१५, अडतीस वर्षं. यातल्या लिसाचा जन्म पुण्याचा, १९७९चा. ससूनच्या आवारातल्या श्रीवत्स अनाथालयातून तीन आठवड्यांच्या बाळाला हरेन स्थळेकर आणि त्यांच्या पत्नी सू यांनी दत्तक घेतलं. अमेरिका, केनिया असं फिरत कुटुंब सिडनीला स्थिरावलं. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी दोन्ही करणारी पहिली बाई लिसा. २०१३च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबॉर्नवर विश्वचषक जिंकून तिनं खेळ सोडला आणि दोन वर्षांत त्याच देशात माईक हाती घेतला. ती बोलते तेव्हा ऑफस्पिन टाकलेल्या बोटांना काय ठाऊक असतं ते ऐकू येतं.

चौघींची नावं पुन्हा वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. चौघीही आपापल्या देशाकडून खेळलेल्या. चंद्राबाईही, देशाकडून नसल्या तरी, खेळलेल्या. पुरुषांचं तसं नाही. आपल्या देशातले कितीतरी लाडके आवाज आंतरराष्ट्रीय क्रिकेट कधीच न खेळलेल्या पुरुषांचे आहेत. इंदूरचेच सुशील दोशी, मुंबईचे सुरेश सरैया, जसदेव सिंग. त्यांनी खेळावर प्रेम केलं, अभ्यास केला, गळा तयार केला आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांना ‘तुम्ही किती कसोट्या खेळलात?’ असं कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. बाईला मात्र आधी देशाकडून खेळून यावं लागतं, मगच तिला खेळ कळतो हे मान्य होतं. हा अन्याय आहे आणि तो सरळ शब्दांत सांगायला हवा. खेळाडू नसलेली, पण खेळ मनापासून समजणारी मुलगी समालोचक कशी होणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

तो सुटायचा तर माझ्या मते आमच्या भागात सुटेल, कारण समालोचनाची शाळा आमच्याकडे वर्षभर भरते. कुंडलचं मैदान घ्या, औंधची किंवा पुसेगावची यात्रा घ्या. लाल मातीच्या कडेला हलगी, घुमकं आणि कैताळ कडाडत असतात. निवेदकाच्या एका हातात माईक, दुसऱ्या हातात घडी पडून मऊ झालेली कुस्त्यांची यादी. जोड लागायच्या आधी तो पैलवानाचं गाव सांगतो, तालीम सांगतो, वस्तादांचं नाव घेतो, बाप कुठल्या मैदानात कुणाला पडला होता तेही सांगतो. मग खडाखडी सुरू झाली की आवाज खाली येतो. एकानं पट काढला, दुसऱ्यानं घिस्सा मारला, ढाक लागली, सुटली. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला अंगांची गुंतवळ दिसत नाही, तो माईकवरच कुस्ती बघतो. शंकर पुजारींसारख्या निवेदकांची तारीख मिळाली म्हणून मैदानाची तारीख ठरवणारे लोक या भागात आहेत. बैलगाडा शर्यतीच्या फाटीवरही तेच. गटपास कोण, सेमीला कोण, बैल कुणाचा, गाडीवान कोण, हे एका दमात सांगणाऱ्याला तिथे हिरोचा मान असतो. यातले बहुतेक जण कुठल्या अभ्यासक्रमातून आलेले नाहीत. गावच्या यात्रेत कुणीतरी माईक हातात दिला, आणि ते बोलत गेले.

तो माईक मुलीच्या हातात द्यायची वेळ झाली आहे, कारण मैदानात मुली केव्हाच आल्या. एके काळी कुस्तीच्या मैदानाला बायका बघायलाही जात नसत. २०२३च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा उचलली. मारुती माने आणि गणपतराव आंदळकरांच्या जिल्ह्यात ही गदा एका मुलीच्या खांद्यावर गेली.

स्मृती मानधना सांगलीत वाढली, माधवनगरच्या घरातून सरावाला गेली. २०१३च्या ऑक्टोबरमध्ये एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात तिनं गुजरातविरुद्ध दीडशे चेंडूंत नाबाद २२४ केल्या. कुठे? वडोदऱ्याला. सांगलीच्या हजारेंनी २८८ केल्या त्याच शहरात, सहासष्ट वर्षांनी. एकदिवसीय डावात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय मुलगी. एवढा मोठा डाव, पण तो ऐकायला रेडिओ नव्हता, बघायला टीव्ही नव्हता. २०१७च्या महिला विश्वचषकातसुद्धा एकतीसपैकी फक्त दहा सामने टीव्हीवर थेट दाखवले गेले, बाकीचे इंटरनेटवर. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला तेव्हा सगळा देश बघत होता. स्पर्धेत ४३४ धावा करणारी उपकप्तान आमच्या सांगलीची होती.

आता साताऱ्याकडे या. माण तालुक्यातलं मोही, दुष्काळी पट्टा. तिथली ललिता बाबर २०१६ साली रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. अंतिम शर्यत आपल्या वेळेनुसार १५ ऑगस्टच्या संध्याकाळी होती. साडेसात फेऱ्या, अठ्ठावीस अडथळे, सात वेळा पाण्यावरची उडी. ती दहावी आली. अशा शर्यतीत कॅमेरा पुढच्या तिघींना धरून राहतो, दहाव्या क्रमांकाची धावपटू चौकटीच्या बाहेर जाते. तिथेच समालोचकाची खरी गरज असते. ती कुठे मागे पडली, पाण्याच्या उडीला पाय कसा टेकला, शेवटच्या फेरीत कुणाला गाठलं, हे ज्याला त्या मुलीचं धावणं ठाऊक आहे तोच सांगणार. माणच्या कुठल्या तरी शाळेतली शारीरिक शिक्षणाची शिक्षिका ती शर्यत कुठल्याही महानगरी स्टुडिओपेक्षा चांगली सांगू शकली असती, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आदिती स्वामीचंही तसंच. साताऱ्याजवळच्या शेरेवाडीची ही मुलगी प्रवीण सावंत यांच्याकडे शिकली आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी कंपाऊंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात पंधरा बाण, पन्नास मीटरवर लक्ष्य. मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराचे १४७ झाले, आदितीचे १४९. पंधरापैकी चौदा बाण दहाचे, एकच नऊचा. तो एक नऊचा बाण कुठला, त्याच्या पुढचा बाण ओढताना तिचा खांदा किती स्थिर होता, एवढं सांगितलं तरी ऐकणारा जागचा हलणार नाही. चेंडू नाही, धाव नाही, पट नाही, तरी त्यात गोष्ट आहे आणि ती सांगायला शिकलेलं माणूस हवं.

भाषेची अडचण आता उरलेली नाही. आयपीएलचं मराठी समालोचन मोबाईलवर आलं. २०२३च्या हंगामात केदार जाधवचं घरगुती मराठी लोकांनी उचलून धरलं. मधेच बंगळूरच्या संघानं त्याला खेळायला बोलावलं तेव्हा कक्षातली त्याची जागा रिकामी झाल्याचं अनेकांना वाईट वाटलं. गावाकडची बोली माईकवर चालते, तेवढंच नव्हे तर लोक ती शोधत येतात, हे त्यातून कळलं. माण-खटावच्या, तासगाव-पलूसच्या मुलीच्या बोलीला यापुढे ‘शुद्ध बोल’ म्हणून अडवण्यात काही अर्थ नाही.

चंद्राबाईंना कक्षात बसायला कुणाच्या तरी होकाराची गरज होती. दिल्लीचा, भोपाळचा, निदान केंद्राच्या अधिकाऱ्याचा. यात्रेच्या मैदानाला तसला होकार लागत नाही. कमिटीतले पाच-सात जण, सरपंच, एखादा जुना वस्ताद यांनी ठरवलं की झालं. येत्या हंगामात मुलींच्या जोडी लागतील तेव्हा निवेदन गावातल्याच एखाद्या मुलीकडे द्यावं. तालमीत जाणारी असली तर उत्तम, नसली तरी हरकत नाही. तिला आठवडाभर आधी कुस्त्यांची यादी द्यावी, पैलवानांची गावं आणि वस्ताद पाठ करायला सांगावं, डाव ओळखायला एखाद्या जाणत्याजवळ बसवावं. पहिल्या दोन कुस्त्यांत ती अडखळेल. हलगीवाल्यांनी तेवढ्यापुरती हलगी थोडी वाढवावी.